दोन काट्यांची पेटी

किन्हीराजाच्या शिवारात कुठल्याही विहिरीवर जा, एक पत्र्याची पेटी भेटतेच. कुठे ती सिमेंटच्या खांबाला तारेने बांधलेली, कुठे चार विटांच्या खोपीत ठेवलेली. दार उघडलं की आत एक हिरवं बटन, एक लाल बटन आणि वर दोन गोल तबकड्या. एकीवर व्ही, दुसरीवर ए. मालेगाव तालुक्यातल्या या काळ्या मातीत हरभरा आणि गहू ओलायचा की नाही, हे रब्बीभर या पेटीवर ठरतं.

लहानपणी पेटी उघडायचं काम माझ्याकडे होतं. लाईन आली की बाबा धुऱ्यावरूनच विचारायचे, "काटा कुठी हाय रे?"

"साडेतीनशेवर, बाबा."

"मंग थांब जरा. चढू दे."

तो प्रश्न नेहमी पहिल्या तबकडीबद्दल असायचा. दुसऱ्या तबकडीकडे कुणी फारसं पाहत नसे. पुढे शाळेत ओहमचा नियम शिकलो, गणितं सोडवली, गुण मिळवले, पण या दोन काट्यांचा त्याच्याशी संबंध आहे हे फार उशिरा उमगलं. तेव्हापासून मी हे दोन आकडे घेऊन जिथे जातो तिथे थक्क होतो. म्हणून आज त्याच पेटीपासून हिशेब मांडायला घेतला आहे.

समजा, आज पुरवठा चांगला आहे. पहिला काटा ४१५ व्होल्टवर आहे आणि दुसरा ८ अँपिअरवर. पाच एचपीच्या मोटरीचे हे ठीकठाक आकडे. दोन्हींचा गुणाकार करायचा. पुरवठा तीन फेजचा आहे म्हणून १.७३ ने गुणायचं, आणि मोटर घेतलेला सगळाच प्रवाह कामाला लावत नाही म्हणून पॉवर फॅक्टरचे ०.८ लावायचे. उत्तर सुमारे ४,६०० वॅट येतं. मोटरीतल्या आणि बेअरिंगमधल्या तापण्यात काही जातात आणि पंपाच्या दांड्यावर ३,७३० वॅट उरतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, त्याची ही पाचपट.

मोटेवरची बैलजोडी ढोबळमानाने एक हॉर्सपॉवर काम करते, आणि तिला विसावा, वैरण, पाणी लागतं. धडधाकट माणूस दिवसभर टिकून जे काम करू शकतो ते ७५ वॅटच्या आसपास भरतं. म्हणजे हिरवं बटन दाबलं की पाच बैलजोड्या किंवा पन्नास माणसं एकाच वेळी विहिरीच्या काठावर कामाला लागतात आणि आठ तास घाम पुसायलाही थांबत नाहीत. पाणी वीस मीटर उचलायचं असेल आणि पंप बरा असेल, तर तेवढ्या वेळात तीन लाख लिटरच्या वर पाणी पाटाला लागतं. माझ्या आजोबांच्या पिढीने मोट हाकली. त्यांच्या डोळ्यांना हे कसं दिसलं असेल, हा विचार पेटी पाहिली की अजून मनात येतो.

आता दुसरी तबकडी. आठ अँपिअर म्हणजे नेमकं किती?

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त संख्यांच्या अठरा स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत असं चढत ती परार्धावर थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणून हे माप मला परकं वाटत नाही. तर एक अँपिअर प्रवाहात दर सेकंदाला सुमारे ६२ परार्ध इलेक्ट्रॉन सरकतात. आठ अँपिअरला ५०० परार्ध. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी संख्यांची नावं जिथे संपली, त्या टोकाच्या पाचशेपट इलेक्ट्रॉन विहिरीवरच्या वायरीच्या एका जागेवरून एका सेकंदात जातात, आणि काटा मात्र स्थिर उभा असतो.

एवढी गर्दी आहे म्हटल्यावर इलेक्ट्रॉन सुसाट धावत असतील असं वाटतं. हिशेब केला की ते गोगलगायीहूनही हळू निघतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ८ अँपिअरचा प्रवाह एकाच दिशेने सोडला तर इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम ८५ सेंटिमीटर पुढे सरकतील. डीपीपासून, म्हणजे गावच्या रोहित्रापासून, विहीर ३०० मीटरवर असेल तर तेवढं अंतर काटायला त्यांना चौदा-पंधरा दिवस लागतील. हरभऱ्याचं पाणी तोवर निघून जाईल.

आणि आपल्या तारेत तर प्रवाह एका दिशेने जातही नाही. सेकंदाला ५० आवर्तनं या गतीने तो मागेपुढे झुलतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका मायक्रोमीटरभर इकडे, एका मायक्रोमीटरभर तिकडे एवढेच हलतात. डोक्याचा केस याच्या तीस-चाळीसपट जाड असतो. पारसच्या औष्णिक केंद्रातून निघालेला एकही इलेक्ट्रॉन किन्हीराजाला पोचत नाही. केबलचं बंडल ज्या दिवशी मालेगावच्या दुकानातून आणलं, त्याच दिवशी त्यातले इलेक्ट्रॉनही आपल्या घरी आले. ते आपल्याच तारेत जन्मभर जागच्या जागी डुलत राहतात. वीजकेंद्र फक्त धक्का पाठवतं, आणि तो धक्का मात्र प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने येतो. म्हणूनच बटन दाबताच मोटर गरजते.

धक्क्याचा जोर म्हणजे व्होल्टेज. त्या जोराने किती प्रवाह निघतो हे अँपिअर सांगतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की वाटेतला अडथळा म्हणजे रोध निघतो, तो ओहममध्ये. अंघोळीच्या पाण्यातला १,५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ३५ ओहम. मोटरीला असा सरळ भागाकार चालत नाही, कारण ती फिरताना स्वतःच उलटा जोर तयार करते. वायरीला मात्र तो नेहमी चालतो, आणि शेतकऱ्याचं सगळं दुखणं वायरीतच आहे.

रोधाचा पल्ला पाहायला विहिरीवरून मान वर केली तरी पुरते. खांबावर उघडी तार आहे आणि ती तार चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसली आहे. दोघं एकमेकांना चिकटून. तरी तारेच्या धातूच्या मानाने चिनी मातीची रोधकता इतकी जास्त आहे की तो आकडा लिहायला एकावर अठरा ते वीस शून्ये लागतात. इथेही परार्ध तोकडा पडतो. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा एकच गुण एवढ्या प्रचंड फरकाने बदलतो, असं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. हा फरक आहे म्हणून ११ हजार व्होल्टची तार खांबावरून जाते आणि त्याच खांबाच्या बुडाशी म्हैस अंग घासत उभी असते.

ज्याच्या नावाचा हा नियम, तो गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोनमध्ये शाळामास्तर होता. नियम शोधताना त्यालाही छळलं ते पडत्या व्होल्टेजनेच. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्यांवर तार जोडली की त्यांचा जोर घसरायचा, मग मोजमाप दर वेळी वेगळं यायचं. शेवटी त्याने १८२६ साली बिस्मथ आणि तांब्याची जोडणी घेतली, तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळत होते, पण ते स्थिर होते. त्यावर नियम उभा राहिला आणि १८२७ मध्ये पुस्तक निघालं. किन्हीराजाच्या विहिरीवर 'चढू दे' म्हणत थांबलेला शेतकरी आणि कोलोनमध्ये बर्फाचं भांडं सांभाळणारा मास्तर, दोघांची अडचण एकच होती हे वाचलं तेव्हा मला ओहम एकदम आपला वाटला.

त्या काही मिलिव्होल्टांवर सापडलेला नियम त्याहून कोट्यवधी पट मोठ्या व्होल्टेजवरही तसाच लागू पडतो. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक वीजवाहिनी जाते. तिच्यात प्रवाह झुलत नाही, एकाच दिशेने वाहतो. एक बाजू जमिनीपेक्षा ५ लाख व्होल्ट वर, दुसरी ५ लाख व्होल्ट खाली, म्हणजे दोन्हींमध्ये १० लाख व्होल्टचा फरक. क्षमता १,५०० मेगावॅट. भागाकार केला की प्रवाह निघतो फक्त १,५०० अँपिअर.

हिशेब सोपा जावा म्हणून एवढ्या लांब वाहिनीचा एकूण रोध १० ओहम धरू. तारेत जळणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. १,५०० चा वर्ग साडेबावीस लाख, गुणिले १०, म्हणजे साडेबावीस मेगावॅट. पाठवलेल्या विजेच्या दीड टक्का. सव्वासातशे किलोमीटरहून जास्त वाटेवर एवढीच सांडलवंड!

आता त्याच तारा, तेवढ्याच लांब, तेवढ्याच जाड घ्या, आणि चंद्रपूरच्या टोकाला १० लाखांऐवजी विहिरीवरचे ४१५ व्होल्ट लावा. पडघ्याच्या टोकाला दोन तारा एकमेकींना सरळ जोडून टाकल्या तरी ४१५ भागिले १०, म्हणजे साडेएकेचाळीस अँपिअरच वाहतील. त्यातून जास्तीत जास्त किती शक्ती काढता येईल? गणित सांगतं, ४,३०० वॅट. तीसुद्धा तेवढीच शक्ती वाटेत जाळून. विहिरीवरच्या आपल्या मोटरीला ४,६०० वॅट लागत होते.

मी हा हिशेब तीनदा केला, कारण विश्वास बसेना. ज्या वाहिनीतून पाच एचपीच्या तीन लाखांहून अधिक मोटरी चालतील एवढी वीज वाहते, तीच वाहिनी ४१५ व्होल्टवर आपल्या बाबांची एक मोटर चालवू शकत नाही. बदलला तो फक्त जोर. जोर २,४०० पट झाला की शक्ती त्याच्या वर्गाने वाढते.

हीच गोष्ट लहान रूपात गावच्या डीपीवर घडते. ६३ केव्हीएचं रोहित्र पाच एचपीच्या दहा-अकरा मोटरी ओढतं. त्याच्या खालच्या बाजूच्या तारांतून प्रत्येकी ८४ अँपिअर जातात. वरून येणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारांतून मात्र फक्त ३.३ अँपिअर. म्हणजे दहा-अकरा विहिरींचं पाणी उपसणारा प्रवाह अंघोळीच्या रॉडच्या प्रवाहापेक्षा निम्मा. म्हणून खरा तोटा डीपीच्या अलीकडे, आपल्या बाजूला सुरू होतो. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटं रोहित्र देण्यात येऊ लागलं, त्याचं कारण हेच. ११ हजार व्होल्ट विहिरीच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे आणि ४१५ व्होल्टची वाट आखूड करायची.

जिथे ती वाट लांब आहे तिथे काय होतं ते पाहू. पुन्हा ३०० मीटरची, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. एका तारेचा रोध सुमारे २.२ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण ८ अँपिअरने तो गुणला की दोन फेजमधलं व्होल्टेज ३० व्होल्टने घसरतं. लाईनच्या शेवटच्या डीपीवर आधीच ३८० असतील तर विहिरीवर साडेतीनशे उरले. माझ्या लहानपणीचा तो काटा अशाच घसरणीतला.

आणि तारेत जळतात किती? आठचा वर्ग ६४, गुणिले २.२, गुणिले तीन तारा, म्हणजे ४२० वॅटच्या वर. रब्बीच्या १२० दिवसांत रोज आठ तास मोटर चालली असं धरलं तर ४०० युनिटांहून अधिक वीज केवळ केबल कोमट करण्यात गेली. एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास दगडी कोळसा लागतो. म्हणजे एका केबलपायी तीन क्विंटल कोळसा जळाला. दुप्पट चौरस मिलिमीटरची तार टाकली असती तर यातला निम्मा वाचला असता. आमच्याकडे पातळ केबल स्वस्त म्हणून आली होती आणि ती किती महाग पडत होती हे कुणीच मोजलं नव्हतं. दुसरी तबकडी रोज आमच्यासमोर होती.

मराठीत आकाशातल्या विजेला आणि तारेतल्या विजेला एकच शब्द आहे, म्हणून दोघींची तुलना करावीशी वाटते. आकाशातून पडणाऱ्या साध्या विजेचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात जातो. तिची ऊर्जा साधारण १०० कोटी ज्यूल. आकडा छाती दडपवतो. पण १०० कोटी ज्यूल म्हणजे युनिटांत किती? सुमारे २८०. म्हणजे ३०० मीटर पातळ केबलने एका रब्बीत गुपचूप जाळलेली वीज एका कडकडणाऱ्या विजेपेक्षा जास्त भरते. एक क्षणात झाड चिरते, दुसरी चार महिने मातीला ऊब देते, एवढाच फरक.

विजेपासून जपण्याचा जो सल्ला दिला जातो, तोही याच नियमातला. वीज झाडावर पडली की ३० हजार अँपिअर जमिनीत पसरतात. जमिनीला रोध असतो, म्हणून झाडापासूनच्या प्रत्येक पावलागणिक व्होल्टेज वेगळं होतं. पाय फाकलेले असतील तर दोन पावलांमधल्या फरकाचा प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. गुराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, आणि वाटेत काळीज. म्हणून झाडाखाली उभी असलेली बैलजोडी आधी जाते. उघड्या रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, असं सांगतात ते याचसाठी.

परत मोटरीकडे येतो. व्होल्टेज पडलं की बल्ब मंद होतो, कारण तो मुकाट्याने कमी घेतो. मोटर तसं करत नाही. पाण्याचं ओझं तेवढंच असतं, म्हणून जोर कमी पडला की ती प्रवाह वाढवून भरपाई करते. ४१५ चे ३५० झाले की ८ चे साडेनऊ अँपिअर होतात. वाढ १९ टक्क्यांची, पण वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे ४० टक्के. तापमान दर १० अंशांनी चढलं की वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा कारागिरांचा आणि अभियंत्यांचाही ठोकताळा आहे. आणि इम्पेलरमध्ये कचरा अडकून मोटर जागच्या जागी घुं-घुं करत राहिली तर प्रवाह सहापट होतो, उष्णता छत्तीसपट. तेव्हा ती जळायला मिनिटंही पुष्कळ झाली. आमची मोटर एकाच हंगामात दोनदा रिवाइंडिंगला गेली होती. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून बाबा थांबायचे. त्यांना वर्गाचं गणित माहीत नव्हतं, पण ३५० आणि ३८० यांच्यात काय दडलंय ते नक्की माहीत होतं.

थांबणं तरी किती वेळ? लाईन पाळीने येते. पाळी का लागते, तेही त्याच ४,६०० वॅटमध्ये आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्यात बसणारे शेतकरी ४४ लाखांहून अधिक होते. हे सगळे पंप पाच एचपीचे धरले आणि सगळ्यांनी एकाच क्षणी हिरवं बटन दाबलं, तर लागतील २० हजार मेगावॅट. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. तशी सात केंद्रं लागतील, किंवा पारससारखी ५०० मेगावॅटची चाळीस. या मोटरींच्या सगळ्या अँपिअरची बेरीज साडेतीन कोटी, म्हणजे जवळपास बाराशे विजा एकदम कोसळाव्यात तेवढी. म्हणून काहींना दिवसा आठ तास, काहींना रात्री. दिवसाची लाईन मिळावी म्हणून शेतकरी इतकी वर्षं का झगडतो आहे, हे ज्याने पौषातल्या रात्री दोन वाजता हरभऱ्यात पाणी फिरवलं आहे त्याला सांगावं लागत नाही. सौर कृषिवाहिनीची जी केंद्रं आता उभी राहत आहेत, ती लवकर पुरी व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

कारण रात्रीच्या ओलितात आणखी एक रोध मोजावा लागतो, माणसाच्या अंगाचा. कोरड्या, राठ कातडीचा रोध लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो. तिला २३० व्होल्टचा स्पर्श झाला तर अडीच मिलिअँपिअरही वाहत नाहीत, झिणझिण्या येतात. तोच हात ओला असेल, पाय चिखलात असतील, तर रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. भागाकार केला की २३० मिलिअँपिअर. काळजाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी पुरतात. म्हणूनच घरातलं संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरला लाईन तोडतं. विहिरीवरच्या आमच्या पेटीत तसलं काही नव्हतं.

बाबा पाटातून बाहेर यायचे, धुऱ्यावरच्या कोरड्या दगडावर चढायचे, पायांचा चिखल काडीने खरवडायचे. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन्ही हात बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसायचे, एकदा, दोनदा. मी कंदील धरून उभा असायचो आणि मनात म्हणायचो, किती वेळ लावतात. काटा ३८० वर आलेला असायचा. ते एक बोट पुढे करायचे आणि हिरवं बटन दाबायचे.